गेटपर्यंतचे ९४ तास

भाच्याच्या फोनमध्ये सगळं जसंच्या तसं आहे. मेल, चॅट, यूपीआयच्या पावत्या, पतसंस्थेचा मेसेज, एसटीच्या तिकिटाचा फोटोसुद्धा. फसलेली माणसं सांगताना ‘मग काय झालं कुणास ठाऊक’ म्हणतात. इथे तशी सोय नाही, प्रत्येक गोष्टीवर वेळेचा शिक्का आहे. बत्तीस वर्षं बँकेत काढल्यावर व्हाउचरं क्रमाने लावायची खोड जात नाही, तशी हीही लावली. शेवटचं व्हाउचर चाकणच्या एका कारखान्याच्या गेटवरचं आहे, सोमवार, सकाळी पावणेनऊ. तिथून मागे मोजत आलो. कारखाना खरा आहे, मोठा आहे आणि यात त्याचा काडीचाही दोष नाही, म्हणून नाव घेत नाही.

गुरुवार, सकाळी १०.४५. उरले ९४ तास.

कराडजवळच्या एका वर्कशॉपमध्ये भाचा मशीनवर उभा आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा, तीन वर्षांचा अनुभव, पगार १४,०००. एक जॉब मशीनवर लागला की पुढची चार-पाच मिनिटं हात मोकळे असतात, तेवढ्यात तो फोन बघतो. मेल आलेला असतो. पाठवणाऱ्याच्या जागी कंपनीचं नाव, पुढे ‘एचआर विभाग’. ज्युनिअर क्वालिटी इंजिनिअर, चाकण प्लांट, महिना ३८,५००. ‘आपल्या बायोडेटाची प्राथमिक निवड झाली आहे.’

त्याने या कंपनीत अर्ज केलेला नाही. हे त्याला माहीत आहे, आणि हे त्याला तेव्हाही माहीत होतं. मी नंतर विचारलं तर म्हणाला, “मामा, मला वाटलं, कधीतरी केला असेल.”

आता हा मेल मी शांतपणे वाचला आहे, त्याला तेवढी शांतता नव्हती. फोनवर मेल उघडला की पाठवणाऱ्याचं नुसतं नाव दिसतं. नाव कुणीही काहीही लावू शकतो. पत्ता बघायचा तर नावावर बोट टेकवावं लागतं. टेकवलं असतं तर दिसलं असतं की पत्त्यात कंपनीचं नाव आहे, पुढे एक आडवी रेघ, मग ‘करिअर्स’ आणि मग डॉट कॉम. कंपनीची स्वतःची साइट असते तेव्हा डॉट कॉमच्या लगेच आधी फक्त कंपनीचं नाव येतं, बाकी जे काय असेल ते त्याच्याही आधी, टिंब देऊन. रेघ जोडून केलेलं नाव म्हणजे वेगळंच घर. देशमुखांच्या वाड्यातली खोली निराळी आणि हायवेवरचं ‘देशमुख वाडा’ नावाचं हॉटेल निराळं. हॉटेलाला ते नाव द्यायला देशमुखांना विचारावं लागत नाही. मेलच्या पत्त्यातलं हे नाव कधी नोंदवलं गेलं ते इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येतं. मी पाहिलं. मेल आला त्या दिवशी ते अकरा दिवसांचं होतं. कंपनी माझ्या लग्नाच्या आधीची आहे.

बाकी सगळं खरं होतं. बोधचिन्ह खरं, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता खरा. खाली बारीक अक्षरात कंपनीचा एकवीस अक्षर-अंकांचा नोंदणी क्रमांक होता, त्यातलं राज्य बरोबर, वर्षही बरोबर. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर टाकला तर हीच कंपनी निघते. निघणारच, तो तिथूनच उचललेला. अशा पत्रात खरं म्हणून जे जे असतं ते उसनं आणलेलं असतं, आणि माणसं नेमकं तेच तपासून निर्धास्त होतात. लबाडाच्या स्वतःच्या ताब्यातल्या जागा दोनच: आपलं उत्तर जिथे जातं तो पत्ता आणि आपले पैसे जिथे जातात ते खातं. त्या त्याला कंपनीच्या उसन्या घेता येत नाहीत, घेतल्या तर त्याच्या हाती काय लागणार?

दुपारी १२.४५. उरले ९२ तास.

डबा खाता खाता त्याने उत्तर पाठवलं. ‘इंटरेस्टेड सर.’ उत्तर गेलं ते तिसऱ्याच ठिकाणी, एका फुकटच्या मेलखात्यावर. ‘रिप्लाय’ दाबल्यावर वरची ओळ कुणी वाचत नाही.

त्याचा विश्वास बसला तो आपलं नाव, डिप्लोम्याचं वर्ष आणि गावाचं नाव मेलमध्ये वाचून. “त्यांना माझं सगळं माहीत होतं,” हे वाक्य त्याने मला चार वेळा सांगितलं. चार वर्षांपूर्वी तीन-चार जॉब पोर्टलांवर बायोडेटा टाकला होता. असे बायोडेटे गठ्ठ्याने विकले जातात. ज्याला आपण ओळख समजलो, ती रद्दी होती.

रात्री ८.४५. उरले ८४ तास.

‘इंटरव्ह्यू’ चॅटवर झाला. चेहरा नाही, आवाज नाही. बारा प्रश्न आले. व्हर्निअर कॅलिपरचा लीस्ट काउंट किती, सहकाऱ्याशी मतभेद झाले तर काय कराल, असे. लीस्ट काउंटचं उत्तर त्याने आधी चुकीचं दिलं, मग घाईने दुरुस्त केलं. समोरून आलं: ‘गुड.’

चाळीस मिनिटांत निवड. त्याने घराच्या पायरीवर बसून स्क्रीनशॉट काढला. खरा इंटरव्ह्यू त्याने याआधी दोनदा दिलेला आहे, दोन्ही वेळा दिवसभर ताटकळत बसवलं आणि ‘कळवतो’ म्हणून घरी पाठवलं. या लोकांनी त्याला एक मिनिटही ताटकळू दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला ‘सर’ म्हणत होतं.

रात्री १०.४५. उरले ८२ तास.

ऑफर लेटर. तीन पानी पीडीएफ. पूर्वी सांगायचे, इंग्रजीच्या चुका बघा. ते दिवस गेले. या पत्राचं इंग्रजी आमच्या बँकेच्या परिपत्रकांहून सरस आहे. बेसिक, घरभाडे भत्ता, पीएफची कपात, सगळं रीतसर. तिन्ही पानांवर गोल शिक्का किंचित तिरका, घाईत उमटल्यासारखा. पण तिन्ही पानांवर अगदी तेवढाच तिरका. हाताने मारलेला शिक्का तीनदा सारखा पडत नाही. मी हजारोंनी मारलेत.

दुसऱ्या पानावर दोन वाक्यं आहेत. एक, ‘सर्व अनामत रक्कम पहिल्या पगारासोबत १०० टक्के परत.’ दुसरं, ‘गोपनीयतेच्या धोरणानुसार उमेदवाराने प्लांटशी थेट संपर्क साधू नये.’ हे दुसरं वाक्य मला सगळ्यात हुशारीचं वाटलं. कंपनीचा फोन नंबर पत्रावर खराच छापलेला होता, आणि एक फोन केला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. म्हणून तो नंबर छापून वर ‘लावू नका’ असं सांगितलेलं.

त्याच रात्री त्याने आधार, पॅन, कोरा रद्द केलेला चेक, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि पांढऱ्या कागदावरची सही पाठवून दिली. स्टेटमेंटवर शिल्लक २१,३०० होती. पुढच्या मागण्या किती कराव्यात, हे समोरच्याला यातूनच कळलं असणार.

शुक्रवार, सकाळी ११.४५. उरले ६९ तास.

कागदपत्र पडताळणी शुल्क १,९५०. क्यूआर आला. स्कॅन केल्यावर पैसे घेणाऱ्याचं नाव दिसलं: कंपनीचं नाही, एका बाईचं, आडनावाशिवाय. तो थांबला. चॅटवर विचारलंसुद्धा, ‘सर, नाव वेगळं दिसतंय.’ उत्तर आलं, ‘आमच्या फायनान्स मॅनेजर. अकाउंट सेक्शनसाठी वेगळं खातं असतं.’ त्याने पिन टाकला.

ती बाई बहुधा कुठेतरी खरंच असेल. महिन्याच्या हजार-दोन हजारांवर आपलं खातं वापरायला देणारी; पोलीस याला ‘म्यूल अकाउंट’ म्हणतात. भाड्याने दिलेलं खातं.

इथे मला आमचा काउंटर आठवतो. २०११-१२ च्या सुमाराला अशाच मेलचे प्रिंटआउट घेऊन मुलं यायची. एका मोठ्या मोटार कंपनीच्या नावाने इंटरव्ह्यू, येण्याजाण्याचं विमानाचं तिकीट कंपनी देणार, फक्त परत मिळणारी अनामत अमुक खात्यात भरा. डिपॉझिट स्लिपवर कुणा परगावच्या माणसाचं बचत खातं. एकदा एका मुलाला मी म्हटलं, “बाळा, कंपनीचं बचत खातं असतं का कधी?” तो स्लिप खिशात घालून निघून गेला. मी फार शहाणा होतो असं नव्हे. मध्ये एक काउंटर होता, रांग होती, आणि रांगेत उभं राहिल्यावर माणसाला दहा मिनिटं विचार करावा लागायचा, एवढंच.

१,९५० ही रक्कम पैशांसाठी मागितलेलीच नसते. ती दिली की माणूस आपल्या बाजूचा न राहता समोरच्याच्या बाजूचा होतो. त्यानंतर प्रत्येक शंका त्याच्या स्वतःच्या १,९५० रुपयांच्या विरोधात जाते.

दुपारी ४.४५. उरले ६४ तास.

लॅपटॉप आणि सेफ्टी किटची अनामत १८,५००. भरली. खात्यात राहिले ८५०.

लगोलग दुसरी सूचना: आजच राजीनामा द्या, तोही अधिकृत मेलने, आणि त्याची प्रत आम्हाला पाठवा. वर्कशॉपच्या बोर्डावर मेलचा पत्ता रंगवलेला आहे, त्यावर त्याने इंग्रजीत राजीनामा धाडला. मालकांना तोंडाने सांगायची त्याला हिंमत झाली नाही. सोमवारी रुजू झालो की फोन करीन, असं ठरवलं.

राजीनामा त्यांना कशाला हवा होता, हे कोडं मला बरेच दिवस सुटेना. त्यातून एक रुपया मिळत नाही. मग लक्षात आलं, परतीचा रस्ता तोडला की माणूस पुढेच धावतो.

शनिवार, सकाळी १०.४५. उरले ४६ तास.

दोन वर्षांचा सर्व्हिस बाँड, त्याची अनामत ४२,०००, दुपारी एकच्या आत. नाहीतर जागा प्रतीक्षा यादीतल्या उमेदवाराला.

ताई पतसंस्थेत गेली, पाटल्या घेऊन. त्या आमच्या आईच्या. सराफाने कसोटीवर घासून पाहिल्या, वजन केलं, पिवळ्या पाकिटात घालून लाखेचं सील केलं. सोनेतारणाच्या फॉर्मवर ‘कर्जाचे कारण’ असा रकाना असतो. लोक ‘घरखर्च’ लिहितात, ‘दवाखाना’ लिहितात. ताईने लिहिलं, ‘मुलाची नोकरी’. क्लार्कने वर बघून “वा, पेढे पाहिजेत” म्हटलं आणि ४५,००० मंजूर झाले.

दुपारी १२.४५. उरले ४४ तास.

४२,००० गेले. उरलेल्या तीन हजारांतून प्रवासखर्च आणि नवे बूट. पोलिसांनी नंतर सांगितलं की पहिल्या खात्यात ती रक्कम सात मिनिटं टिकली. तिथून तुकडे होऊन तीन खात्यांत, पुढे आणखी कुठे.

रात्री ८.४५. उरले ३६ तास.

हा तास माझा आहे.

ताईचा फोन आला. आवाजात जो आनंद होता तो तिच्या लग्नानंतर मी ऐकला नव्हता. पत्र व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं होतं. मी चष्मा लावला, दोन बोटांनी पान मोठं केलं आणि शिक्का बघितला. बत्तीस वर्षं शिक्केच बघितले. मेल कुठून आला हे विचारलं नाही, कारण माझ्यापर्यंत मेल आलाच नव्हता, पीडीएफ आलं होतं. ताईने बाँडच्या पैशांचं सांगितलं, पाटल्यांचं नाही. मी म्हणालो, “हल्ली घेतात असं काही काही कंपन्या.”

हे वाक्य मी कशाच्या आधारावर बोललो, मला आजही सांगता येत नाही. खरी कंपनी नोकरी देताना उमेदवाराकडून पैसे घेत नाही, पडताळणीचे नाही, लॅपटॉपचे नाही, कशाचेच नाही. कितीतरी मोठ्या कंपन्यांनी आपल्या भरतीच्या पानावर हे ठळक लिहून ठेवलंय. मला ते माहीत होतं. पण दुसऱ्याच्या घरी पेढे वाटले जात असताना ते आठवलं नाही. त्या क्षणी पैसे जाऊन आठच तास झाले होते. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर तेव्हा फिरवला असता तर कदाचित मधल्या एखाद्या खात्यात काहीतरी सापडलं असतं. मी त्याऐवजी भाच्याला ‘मन लावून काम कर’ असं सांगितलं.

रविवार.

मटण झालं. भाच्याने सोमवारचे कपडे इस्त्री केले. चॅटवरच्या ‘सरांना’ त्याने विचारलं, ‘गेटवर कुणाला भेटू?’ दोन निळ्या रेघा उमटल्या, उत्तर नाही. रविवार आहे म्हणून, असं त्याला वाटलं.

सोमवार, पहाटे १.४५. उरले ७ तास.

कराडहून स्वारगेटची एसटी. सातारा गेल्यावर त्याला झोप लागली असं तो म्हणतो. साडेतीनला त्याने पुन्हा एकदा ‘गुड मॉर्निंग सर’ पाठवलेलं दिसतं. या वेळी एकच रेघ, तीही राखाडी. त्याने ती पाहिली का, हे मी विचारलेलं नाही.

सकाळी ८.४५.

गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने पत्र हातात घेतलं आणि उघडलंही नाही. “दादा, पैसे भरले काय?” एवढंच विचारलं. मग आतून स्टूल आणून त्याला बसायला दिलं, बाटली पुढे केली. “या महिन्यात तू तिसरा. बस जरा, मग घरी फोन लाव.”

भाच्याने मला फोन लावला, ताईला नाही.

लोक विचारतात, शिकलेली मुलं इतकी भोळी कशी? मी त्यांना २०२२ मधली गोष्ट सांगतो. तमिळनाडूतल्या किमान २८ जणांना रेल्वेत टीटीई वगैरे पदांवर घेतो म्हणून दिल्लीला नेलं होतं. ‘प्रशिक्षण’ म्हणून महिनाभर, रोज आठ तास, नवी दिल्ली स्टेशनच्या फलाटांवर उभं करून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजायला लावले. सगळ्यांचे मिळून २ कोटी ६७ लाख गेले. महिनाभर ते मोजत राहिले; मला वाटतं, थांबलं तर पैसे गेले हे कबूल करावं लागलं असतं. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सूचना काढली होती: थायलंडमध्ये आयटीची नोकरी म्हणून बोलावतात आणि बेकायदा म्यानमारला नेऊन डांबतात, तिथे दुसऱ्यांना फसवायच्या कामाला जुंपतात. त्या मुलांनाही ऑफरच आली होती. आमचा भाचा फक्त चाकणपर्यंत गेला, हे मी ताईला अजून समजावू शकलेलो नाही.

साडेनऊला गेटजवळच्या चहाच्या टपरीवरून १९३० ला तक्रार नोंदवली. तिन्ही पावत्यांवरचे बारा आकडी व्यवहार क्रमांक लागतात, ते तो एकेक आकडा वाचून सांगत होता, मी फोनवर दुसऱ्या बाजूला लिहून घेत होतो. बँकेच्या नियमाचं मला वेगळं सांगायची गरज नव्हती: ग्राहकाच्या नकळत पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांचं संरक्षण मिळू शकतं. इथे पिन त्याने स्वतःच्या बोटाने टाकलेला होता, तीनदा. ६२,४५० पैकी एका खात्यात २,६०० अडकलेले सापडले. मग आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, आणि क्रेडिट रिपोर्ट मागवला. तो वर्षातून एकदा प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून फुकट मिळतो, हे लोकांना ठाऊक नसतं. त्या रात्री पाठवलेल्या आधार-पॅन-सहीवर उद्या कुणी कर्ज उचललं तर ते तिथे दिसेल. अजून दिसलेलं नाही.

मंगळवारी सकाळी मी कराडला होतो. राजीनाम्याचं काय, हे कुणीच बोलत नव्हतं. शेवटी मीच त्याला घेऊन वर्कशॉपवर गेलो. मालक दारातच बाकावर बसून चहा पीत होते. मी प्रस्तावना करायला तोंड उघडलं, एवढ्यात ते भाच्याकडे बघून म्हणाले, “काय रं, काल कुठं हुतास? फोन न्हाई, काय न्हाई.”

भाचा खाली मान घालून म्हणाला, “मालक, मी मेल केलता.”

“मेल?” त्यांनी कप बाजूला ठेवला. “त्यात रोज कायबाय येतंय. मी न्हाई बघत. जा, मशीन लाव, कालचं चाळीस जॉब तसंच पडल्यात.”